पाण्याची गाडी

आनंदाने पत्राची घडी उलगडली आणि पुन्हा मिटली.

"चष्मा पुसा की भावजी," शेजारची जाईबाई मागून म्हणाली. "एवढ्यात माझ्या चार चपात्या लाटून झाल्या असत्या."

दोघीतिघी हसल्या. विठ्ठलवाडीच्या त्या दोन खोल्यांत वीसेक माणसं सतरंजीवर दाटीने बसली होती. बुद्धवंदना आटोपली होती. समोर फोटोत गणवेशातला जगन, सत्तावीस वर्षांचा. श्रीलंकेत सुरुंगाने त्याची गाडी उडाली, त्याला सदतीस वर्षं झाली.

आनंदा त्याच्याच तुकडीतला. दर स्मृतिदिनाला बोलावणं यायचं आणि नौपाड्यातल्या घरात बसून तो दरवेळी नवं कारण शोधायचा. यंदा जगनची मुलगी दर्शना स्वतः न्यायला आली.

पत्र जगनच्या शेवटच्या रात्रीचं. दुसऱ्या दिवशी आनंदानेच ते न उघडता टपालात टाकलं होतं. जगनच्या बायकोला, रमाबाईंना, वाचता येत नसे. दरवर्षी या दिवशी त्यांचे सासरे ते वाचून दाखवत. एरवी पत्र पेटीत, कुलपात. नातीलाही हात लावू देत नसत. मेमध्ये ते गेले.

"यंदा ह्यांच्या माणसानेच वाचावं," रमाबाई म्हणाल्या होत्या.

आनंदा वाचू लागला. खुशाली, चिखल, डाळीतले खडे. त्याने मान वर केली. रमाबाईंचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. एक शब्द चुकत नव्हता.

खालच्या ओळीवर त्याला स्वतःचं नाव दिसलं. नजर पुढे धावली आणि तो वाचायचा थांबला.

"पाणी देऊ का काका?" दर्शनाने विचारलं.

"नको."

ओळ गाळता आली असती. पण समोर ते ओठ होते. बाईला सगळं पाठ आहे, इतकी वर्षं ठाऊक आहे, आणि तरी बोलावत राहिली. तो पुढे वाचू लागला.

"'उद्या पाण्याच्या गाडीबरोबर आनंदाला जायचं आहे. ताप आहे म्हणतो. मी हात लावून पाहिला, कपाळ थंड आहे. भ्यालाय. त्याच्याऐवजी मी जातो म्हटलं. तू हे कुणाला बोलू नकोस.'"

तो थांबला. रमाबाईंचे ओठ मात्र केव्हाच पुढे गेले होते. 'पोरीला शाळेत घाल,' एवढं हलून तेही थांबले.

जाईबाईने पदर तोंडाशी नेला.

"हे मामंजी कधी वाचत नव्हते," रमाबाई म्हणाल्या.

आनंदाने चष्मा काढला. उठून चपला शोधाव्यात असं त्याला वाटलं. दर्शना त्याच्याकडे बघत होती. मग तिने नजर वळवली.

रमाबाई गुडघ्यावर हात रेटून उठल्या आणि त्याच्याशेजारी येऊन बसल्या.

"कुठंय ते?"

त्याने ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी ते बाजूला सारलं आणि तिथे आपलं बोट टेकवलं.

"पुन्हा वाचा," त्या म्हणाल्या. "सावकाश."