ठमीचं जाकीट

नातवाचं कौतुक सांगून झालं आणि बायकोने फोनवर विचारलंच, "माझी ठमी कशी आहे?"

मास्तरांनी मांडीवरच्या टॉवेलकडे पाहिलं. टॉवेलात ठमी मान टाकून पडली होती. पाठीवरची पिसं उपटून निघालेली, शेपटीजवळ हे एवढं लाल मांस उघडं पडलेलं.

"मजेत आहे," मास्तर म्हणाले.

"आवाज ऐकवा बरं तिचा."

"झोपलीय."

"भरदुपारी?"

"जेवण जरा जड झालं असेल."

"कोंबडीला?" बायको म्हणाली, पण तेवढ्यात तिकडे बाळाने भोकाड पसरलं आणि मास्तर वाचले. बाळाचे त्यांनी मनातल्या मनात आभार मानले.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. आख्ख्या गावातल्या पोरांचे गणवेश त्यांच्या हातचे. सुईदोरा सोडला तर घरातलं बाकी सगळं बायको बघायची, आणि त्या बाकी सगळ्यात परसातल्या पाच कोंबड्याही आल्या. मुलीच्या बाळंतपणाला जाताना तिने एकच गोष्ट बजावली होती. संध्याकाळी खुराड्याची कडी लावा. बस, एवढंच. आणि नेमके मास्तर एका कॉलरशी झटापट करत बसले, कडी राहिली आणि कुत्रा आला. शेजारच्या आत्याबाई काठी घेऊन धावल्या म्हणून ठमी त्याच्या तोंडातून सुटली.

त्यातही ठमीच सापडावी! पिल्लू असताना ती मरायला टेकली होती, तेव्हा बायकोने तिला पदराखाली घेऊन जगवलं होतं. हिला काही झालं तर बायको एक शब्द बोलणार नाही, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं. ती गप्प बसली की घर खायला उठायचं.

जनावरांच्या डॉक्टरने जखम धुऊन मलम लावलं. "कोरडी ठेवा, माशी बसू देऊ नका, आणि बरं वाटेपर्यंत बाकीच्यांपासून लांब. खाल्लं तर वाचेल," तो म्हणाला.

आणि ती खाईना. मास्तरांनी दाणे भिजवले, कुस्करले, बोटावर घेऊन चोचीपाशी धरले. "खा गं बाई. एवढा एक घास. माझी लाज राख," असं आर्जव त्यांनी जन्मात कुणाचं केलं नव्हतं. ठमीने डोळा मिटला. शेवटी हात टेकून मास्तरांनी तिचं खोकं मशीनशेजारी ठेवलं आणि गणवेशांचं काम काढलं. वाट पाहणारी गिऱ्हाइकं काय कोंबडीसाठी थांबतात?

मशीन खडखडायला लागलं. मास्तर तोंडात धरलेली बटणं एकेक काढून लावत होते. एक बटण निसटलं ते थेट खोक्यात. ठमीने मान उचलली. तिरकं पाहिलं. टक्‌!

"अगं अगं, ते बटण आहे!" मास्तरांनी झडप घालून ते तिच्या चोचीतून काढलं. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी मूठभर बटणं तिला दिसतील अशी काचेच्या बरणीत घातली, बरणी खोक्यात ठेवली आणि तिच्याभोवती दाणे पसरले. ठमीने काचेवर दोनदा चोच आपटली, तिसऱ्यांदा दाणा उचलला. मग आणखी एक. मास्तर एकटेच मोठ्याने ओरडले, "शाब्बास रे पठ्ठ्या!" पलीकडून आत्याबाईंनी विचारलं, "कोण आलंय हो?"

अंगात जीव आला तशी ठमी खोक्यात राहीना. बाहेर सोडावी तर माशा. मग मास्तरांनी तिचं रीतसर माप घेतलं. पंखांना मोकळीक, पाठीला अस्तर, मानेशी हुक. बँडवाल्यांच्या कोटांतलं लालभडक कापड उरलं होतं, तेच वापरलं. गिऱ्हाईक मानाचं, कापडही तसंच हवं. जाकीट घालून ठमी परसात उतरली तेव्हा मास्तर दारात कमरेवर हात ठेवून उभे होते.

बाकीच्या चौघी तिच्यावर तुटूनच पडल्या.

"अहो मास्तर!" आत्याबाई धावत आल्या. "लाल दिसलं की कोंबड्या टोचतात! त्यांना ते रक्त वाटतं. जीव घेतील ना तिचा!"

मास्तरांनी ठमीला उचलून छातीशी धरलं. तिचं काळीज धडधडत होतं आणि त्यांचंही. नशीब, अस्तर जाड होतं.

मग निळं जाकीट झालं, गणवेशाच्या कापडाचं. रक्ताचा प्रश्न मिटला तरी चौघींची कुरबूर सुरूच. एक यायची, कड ओढून जायची. हे काय नवीन घालून आलीय, असाच त्यांचा आव.

"वर्गात एकच पोरगं वेगळे कपडे घालून आलं की असंच होतं," मास्तर म्हणाले. "म्हणून तर गणवेश असतो."

"आता चौघींना पण शिवणार की काय?" आत्याबाई हसल्या.

मास्तर हसले नाहीत. त्यांनी टेप काढली.

निळी जाकिटं चढल्यावर चौघी आधी उलट्या पावलांनी चालल्या, भिंतीवर आपटल्या, रुसून बसल्या. प्रत्येकीला आपापली पडली होती. ठमीकडे बघायला कुणाला सवड होती? ती निवांत माती उकरत फिरू लागली. गावातली पोरं कुंपणाशी येऊन म्हणायची, "मास्तर, शाळा भरली का?"

आणि अशा भरल्या शाळेत बायको पिशवी घेऊन दारात उभी राहिली. न कळवता.

मास्तरांनी सगळं सांगून टाकलं. कडी, कुत्रा, फोनवरच्या थापा, सगळं. ती काहीच बोलली नाही. तिने ठमीला मांडीवर घेतलं, हुक काढलं, पाठ पाहिली. जखम भरली होती, नवी पिसं कोंबांसारखी वर आली होती. मग तिने समोरच्या चार निळ्या जाकिटांकडे पाहिलं आणि जी हसत सुटली, की पदराने डोळे पुसायची वेळ आली.

"पाचही जणींना अस्तर लावून!" ती म्हणाली. "अहो, मला शेवटचं ब्लाउज कधी शिवलंत, आठवतंय?"

मास्तरांना आठवेना. खरंच आठवेना. त्यांना वाईट वाटलं.

"आत चल," ते म्हणाले. "आत्ता बेततो."

"माप?"

"तुझं माप मला तोंडपाठ आहे."

तरी सवयीने त्यांनी टेप टाकली. खांदा. दंड. टेपेचं टोक त्यांना ठाऊक होतं त्या आकड्यापर्यंत आलंच नाही, दोन बोटं अलीकडेच टेकलं. त्यांनी पुन्हा लावून पाहिली. खांद्याची हाडं बोटांना लागली. लेकीची रात्रंदिवस उठबस करून आली होती ती. पण एवढं काही महिन्याभरात उतरत नाही. हे कधीपासून चाललं होतं, आणि आपण कुठे बघत होतो?

"काय झालं?" बायकोने विचारलं. "बदललं का माप?"

"तेच आहे गं," मास्तर म्हणाले. "उद्यापासून दोन वेळा माझ्यासमोर बसून जेवायचं."

"हो का? आणि नाही खाल्लं तर? बटणं दाखवणार?"

"दाखवीन."

ती हसत हसत चहा टाकायला गेली. मास्तरांनी कापड पसरलं, खडू घेतला आणि नव्या मापाची रेघ मारली. मग शिवणीच्या आत दाबायला म्हणून दोन्ही बाजूंना चांगलं दोन-दोन बोटं कापड जास्त सोडलं. अंग भरलं की उसवून मोकळं करता येतं.