सुमित्राचं डोहाळजेवण

"हे कोणाला खरं वाटणार नाही, आधीच सांगतो." मोरेश्वर आजोबांनी कुंपणाच्या लोखंडी नळ्यांमधून एक रताळं आत सरकवलं. "पण मी एका गेंडिणीला रोज पेपर वाचून दाखवायचो."

त्यांची नात केया रबरी बूट घालून कुंपणाशी उकिडवी बसली होती. आत सुमित्रा गेंडीण कालच्याच जागी उभी होती. तिचं पिल्लू मेलेलंच जन्मलं होतं. डॉक्टरांनी ते गाडीत घालून नेलं, तेव्हापासून ती तिथली माती हुंगत होती. तिनं कालपासून काही खाल्लं नव्हतं. केयानंही.

टेक्सासमधल्या फ्रिस्कोपासून तासाभरावरच्या या गेंड्यांच्या केंद्रात केया नोकरीला लागली, तेव्हा इंजिनिअरच्या मुलीनं शेण काढायचं का, म्हणून घरात अबोला झाला होता. मग गेंडीण गाभण राहिली आणि सगळ्या महाराष्ट्र मंडळाचीच झाली. कागदावर तिचं नाव वेगळं होतं. सुमित्रा हे मंडळातल्या बायकांनी ठेवलेलं. ऑगस्टमध्ये त्यांनी तिचं डोहाळजेवण केलं. चक्क. मंडळातल्या शोभनाआजीनं कुंपणाला हिरवी साडी बांधली, दोन वाट्या पालथ्या मांडल्या. पेढा-बर्फी द्यायला केयानं साफ नकार दिला, म्हणून एकीखाली गाजर, एकीखाली रताळं. गाजर निघालं तर मुलगा, रताळं निघालं तर मुलगी. सुमित्रानं एका फटक्यात दोन्ही वाट्या उलथवल्या.

"जुळं!" आजोबा ओरडले होते, आणि केंद्रातले गोरे कर्मचारीसुद्धा हसले होते.

शेजारच्या आवारातला नर फेब्रुवारीतच गेला होता. तिच्या जातीचा दुसरा नर जगात उरला नव्हता. पण त्या दिवशी ते कोणी मनावर घेतलं नाही. तिच्या पोटात पिल्लू होतं ना.

त्या साडीचा काठ अजून कुंपणावर फडफडत होता.

"मी तेव्हा आसामात, बँकेत," आजोबा म्हणाले. "ब्रह्मपुत्रेला पूर आला, तिथल्या त्या गेंडिणीचं पिल्लू वाहून गेलं. ती काठावर उभी. अशीच. खायचं नाव नाही."

"आबा, प्लीज. आत्ता नको."

"ऐक तर. पुण्याचा पेपर मला शिळा होऊन यायचा. तिच्याशेजारी स्टूल टाकून बसायचो. राजकारण वाचलं, तर जांभई. क्रिकेट वाचलं, तर पाठ फिरवली."

केयाच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. आजोबांनी तो बघितला आणि खुर्चीत बसल्यासारखे कुंपणाला टेकले.

"मग लग्नाच्या जाहिराती काढल्या. मुलगा निर्व्यसनी, स्वतःचं घर. हिचे कान उभे! पत्रिका बघणार नाही म्हटल्यावर तर दोन पावलं पुढेच आली."

"आसामच्या ऱ्हायनोला मराठी कळतं?"

"टेक्सासच्या ऱ्हायनोला सुमित्रा म्हटलेलं कळतं की नाही? मग!"

"यू आर इम्पॉसिबल, आबा."

पण तिनं हात आत घालून रताळं आणखी थोडं पुढे ढकललं. सुमित्रानं मान वर केली नाही. केयाचा हात तसाच आत राहिला. आजोबा घाईघाईनं पुढे सांगू लागले.

"तर एके दिवशी, याच डोळ्यांनी बघितलंय मी, पूर ओसरत होता आणि पलीकडून पाण्यात एक शिंग दिसायला लागलं. आधी शिंग, मग कान. नर! अख्खी ब्रह्मपुत्रा पोहून आला पठ्ठ्या, थेट हिच्यासमोर. आणि पुढच्या पावसाळ्यात काय सांगू तुला केया, तिच्या मागे मागे एवढंसं..."

केया उठली. कुंपणावरची गाठ पावसानं घट्ट बसली होती. नखांनी उकलायला तिला वेळ लागला. हिरवा काठ सुटला तसा तिनं तो मुठीभोवती गुंडाळला.

"आबा," ती म्हणाली, "नदीपलीकडे कोणी नाहीये."