बिजलीबाईचा रस आणि हरिसिंगचं रक्त

माझी नात शीला हिचं लग्न झालं ते २०२२ साल. मांडवात माझा धाकटा भाऊ हरिसिंग खोकला आणि लाल थुंकला. व्याह्यांना वाटलं, पान खाल्लं. दोघांनी त्याच्याकडे पान मागितलं.

थुंकी तीनदा तपासली, टीबीचा जंतू सापडला नाही. फोटोत मात्र फुप्फुसावर डाग, म्हणून सहा महिने टीबीच्या गोळ्या चालल्या. लघवी केशरी झाली, खोकला होता तसाच. मग यवतमाळच्या एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कच्चे खेकडे खाता का?"

"खात नाही जी," हरिसिंग म्हणाला, "पितो."

आमच्या तांड्यात खोकल्याला माझ्या बायकोचं, बिजलीबाईचं औषध चालायचं. नाल्यातले जिवंत खेकडे पाट्यावर ठेचायचे, फडक्यातून रस गाळायचा, न उकळता पाजायचा. पहिला घोट ती स्वतः घ्यायची, म्हणजे विष दिलं असं कुणी म्हणू नये.

डॉक्टरीणबाईंनी हरिसिंगचं रक्त मोठ्या लॅबला पाठवलं. खेकड्यातला किडा फुप्फुसात घर करतो, त्याच्याशी लढायला रक्तात जे तयार होतं ते तिथं शोधतात. सापडलं. तीन दिवसांच्या गोळ्यांनी हरिसिंग सुधारला. बाई म्हणाल्या, रस पिणाऱ्या सगळ्यांना आणा.

बारा जण जीपमध्ये बसले. बिजलीबाई बसेना. तीही वर्षभर खोकत होती, पदरात रक्त लपवत होती.

"चाल ना वं," मी म्हणालो. "सुई काही जीव नाही घेत."

"कायले? माह्या रसात किडा निंघाला तं तांडा मले काय म्हणन?"

"म्हणन, म्हातारीनं पाजून पाजून तांडा बिघडवला. गोळी खाऊन आयकजो."

"तुमी तं माह्या मरणाची वाटच पाहून राह्यले."

"पाहता पाहता मीच म्हातारा झालो."

हरिसिंग म्हणाला, "भाभी, तुह्या रसानं बिमार पडलो, तरी तुह्याच हातचं जेवतो. चाल."

ती हसली आणि घरात गेली. आम्ही परतलो तेव्हा स्वतःच्या खोकल्यासाठी दोन खेकडे ठेचून बसली होती.

पावसाळ्यात तिला झटके येऊ लागले. किडा डोक्यात शिरला होता. तेव्हा कुठे तिचं रक्त घेता आलं. बेशुद्ध होती, म्हणून भांडली नाही. रिपोर्ट हरिसिंगसारखाच आला. गोळ्या दिल्या, पण उशीर झाला होता.

बिजलीबाई २०२३ साली, पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी वारली.