शेवटचे दहा सेकंद

अरे, तू आधी नुसतं ऐक, मध्ये बोलू नकोस. ती मुलगी कामाला होती ऑनलाइन बुद्धिबळाच्या एका कंपनीत. काम काय, तर लबाडी पकडायची. ते एका मिनिटाचे डाव असतात ना, दोघांना साठ-साठ सेकंद, आपला वेळ संपला की हरलो, तसले. कुठली खेळी किती वेळात आली ते दिवसभर बघत बसायचं. आता माणूस म्हटला की आधी डोळ्यांना दिसणार, मग हात हलणार. कितीही चपळ असू दे, सेकंदाचा पाचवा हिस्सा जातोच. पुढची खेळी आधीच लावून ठेवली तर गोष्ट वेगळी, पण समोरचा काय करणार हे दर वेळी थोडंच कळतं?

तर एका सकाळी तिच्यापुढे तक्रार आली ‘सुसाट’ नावाच्या खेळाडूविरुद्ध. आणि सुसाट म्हणजे कोण? तिचेच बाबा!

आई गेल्यापासून बाबांचं सगळं जग त्या डावांपुरतंच. इमारतीत त्यांना कुत्रं विचारत नव्हतं, पण तिथे लोक रोज विचारायचे, “काय सुसाट, आज कुणाला लोळवलं?”

तिने घाईघाईने शेवटचा डाव उघडला. पहिले पन्नास सेकंद बाबांचेच, पण किती हळू! एका खेळीला सेकंद, कधी दीड. वर्षापूर्वी अर्ध्यात व्हायचं. आणि शेवटच्या दहा सेकंदांत? शून्य पूर्णांक बारा सेकंद. बारा. परत बारा. समोरच्याने घोड्याने शह दिला, कुणाच्या स्वप्नातही येणार नाही असा, त्यालाही उत्तर बारातच. हा माणसाचा हात नव्हताच.

“काय गं, भूत बघितलंस?” शेजारच्या टेबलावरचा चष्मेवाला म्हणाला.

“डोळे दुखतायत रे.”

घरच्या माणसाविरुद्ध तक्रार असली तर ती दुसऱ्याकडे द्यायची असा नियम होता. तिने नाही दिली.

संध्याकाळी घरी गेली तर बाबा बिनबटणांचा टीशर्ट घालून बसलेले. इस्त्रीचे शर्ट कित्येक महिने कपाटातच आहेत, हे तिला तेव्हा जाणवलं. तिने आपला फोन दोघांच्या मध्ये ठेवून त्यावर डाव लावला. “बाबा, एक होऊन जाऊ दे.”

“हरलीस की रडायचं नाही हं!”

आणि खरंच, पन्नास सेकंदांत त्यांनी तिचा वजीर खाल्ला! मग बोट थरथरायला लागलं. हत्ती भलत्याच घरात पडला. त्यांचा वेळ संपला.

“भिकार फोन तुझा.”

“बाबा.”

त्यांनी फोन पालथा घातला. म्हणाले, “डोकं माझंच आहे गं. शेवटच्या दहा सेकंदांना फक्त हात उसना घेतो, कॉम्प्युटरचा. त्यात कसली आलीय चोरी?”

“डॉक्टरकडे जाऊ या.”

“ते काय, नवा हात देणार? आणि कुणी बोंब मारलीच तर तू आहेस की तिथे.”

दुसऱ्या दिवशी तिने ती तक्रार पुन्हा वाचली. हरलेल्याने खाली एकच ओळ लिहिली होती : “हरल्याचं काही नाही, पण मी खरंच इतका हळू आहे का?” ती वाचली आणि तिने बाबांचं खातं कायमचं बंद केलं. कारण निवडावं लागतं. यादीत आजारपण नव्हतं. तिने ‘फसवणूक’ निवडलं.

घरी आली तर बाबा दारातच उभे. “कुणा दीडशहाण्याने मला चोर ठरवलंय बघ! तू सांग ना त्याला, बाबा तसे नाहीत म्हणून.”

“सांगते,” ती म्हणाली.

तेव्हापासून ते रोज विचारतात, “बोललीस का गं त्याच्याशी?” आणि ती रोज म्हणते, “बघतोय म्हणाला.” डॉक्टरकडे तर ते खातं सुरू झाल्याशिवाय जाणारच नाहीत म्हणे!

आता बोल. तिच्या जागी तू असतास, तर काय केलं असतंस?