सायखेड्याला जायची मोटार

सावित्रीबाईंनी चार दिवस आधीच सायखेड्याला निरोप धाडला होता : पौर्णिमेला आपण स्वतः मोटार घेऊन येऊ आणि कमळाला बाळंतपणासाठी नाशकास आणू. दुसऱ्या दिवसापासून पितृपंधरवडा लागत होता. त्यात लेकीला माहेरी आणायचे नाही, आणि तो सरेपर्यंत आठवा महिना लागला की प्रवासच वर्ज्य. म्हणजे आज नाही, तर पहिलटकरीण आईवाचून तिकडेच बाळंत होणार.

नेमका त्याच आठवड्यात मोटारीचा पेट्रोल ओढणारा पंप दगा देऊ लागला. निजाम मिस्त्रींनी मुंबईहून नवा आणवला, पौर्णिमेच्या सकाळी अंगणातच बसवला आणि इंजिन चालवून दाखवले. ते हात धुऊन चहा घेईपर्यंत सावित्रीबाईंनी मोटारीची यथासांग पूजा केली. तुपात कालवलेले कुंकू दिव्यांना, चाकांना, पेट्रोलच्या टाकीला, सगळीकडे लावले. पूजेत हात आखडता घेणे त्यांना ठाऊक नव्हते.

मोटार गल्लीच्या टोकाच्या चिंचेपर्यंत गेली, दोनदा खोकली आणि थांबली. पुन्हा सुरू होईना. मिस्त्री मागून धावत आले.

"मिस्त्री, जुना पंप निदान वेशीबाहेर तरी न्यायचा," हँडल मारून घामेघूम झालेला ड्रायव्हर रंगनाथ म्हणाला.

"जुना तुझ्यासारखाच होता. प्यायचा पोटभर आणि चढावर बसायचा."

मिस्त्रींनी पंपापुढची नळी सोडवली, रंगनाथला हँडल फिरवायला लावले. थेंब आला नाही.

"काढा तो पंप, जुनाच बसवा," सावित्रीबाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच होता. पदराचे टोक मात्र मुठीत चुरगळले होते.

"बाईसाहेब, घटकाभर थांबा. टाकी बघतो."

"काठोकाठ आहे. मीच भरलीय," रंगनाथ कुरकुरला.

मिस्त्रींनी तरीही झाकण फिरवले. आत हवा शिरल्याचा लांब सुस्कारा ऐकू आला. त्यांनी झाकण उलटसुलट करून पाहिले, खिशातल्या फडक्याने पुसले, तारेचे टोक त्याच्या बारीक भोकात घातले आणि म्हणाले, "मार रे हँडल." या वेळी नळीतून पेट्रोलची धार उडाली.

"काय झाले होते?"

"काही नाही, बाईसाहेब. पेट्रोल खाली जाते तशी या भोकातून हवा आत यायला हवी. ती अडली, तर पंपाने ओढायचे तरी कसे? धूळ बसली होती."

सावित्रीबाईंनी त्यांच्या हातातल्या फडक्याकडे पाहिले.

"निजाम, नाशकात तांबडी धूळ कधीपासून उडायला लागली?"

मिस्त्रींनी फडके पाठीमागे नेले.

"रंगनाथ," सावित्रीबाई गाडीत बसत म्हणाल्या, "पंप उत्तम आहे. दोष माझ्या हातचा होता. मिस्त्रींना बोललास ते शब्द मागे घे, आणि त्यांना पुढे जागा दे. तेही येत आहेत."

माध्यान्हीच्या आत मोटार सायखेड्याच्या दारात उभी राहिली. कमळा उंबऱ्यात वाट पाहत होती. आईला पाहताच तिचे डोळे भरले. विहीणबाई कुंकवाचे ताट घेऊन कौतुकाने मोटारीकडे निघाल्या, तशा सावित्रीबाई लेकीला जवळ घेता घेता वळून म्हणाल्या,

"विहीणबाई, हवे तिथे लावा. फक्त मागचे ते झाकण सोडा. ते आमच्या मिस्त्रींचे सोवळ्यातले आहे."