उपवासाची पॅटी

मित्रांनो, लेस्कोवात्स गावातल्या, निखाऱ्यावर मांस भाजून विकणाऱ्या एका दुकानात टेबलाला घट्ट आवळून बसवलेले मी एक जुने खिम्याचे यंत्र आहे. मान वर करून बोलायची मला आज लाज वाटते, तरी ऐका.

ओतीव लोखंडातून मी घडले आणि राडिसावबाबांच्या हाती आले. त्यांची प्लेस्कावित्सा, म्हणजे तुमच्या बर्गरमधल्या पॅटीची थोरली बहीण, खायला लांबून लोक यायचे. कौतुक बाबांचे व्हायचे, पण फुगायचे मी.

मग बाबांचे हृदय बिघडले. डॉक्टरांनी मीठ आणि चरबी सोडायला सांगितली. दुकान लेकीने, विदोसावाने, हाती घेतले.

ईस्टरआधीचा मोठा उपवास आला. या दिवसांत मांस वर्ज्य, म्हणून तिने माझ्यातून सोयाबीन आणि अळंबी काढली. गोळे विस्कटू लागले, तेव्हा मार्गारीन, म्हणजे तेलापासूनचे नकली लोणी, कालवले. चव येईना, तेव्हा मुठीने मीठ टाकले. गिऱ्हाइके बोटे चाटू लागली. बाबांनाही ती रोज वाढू लागली. उपवासाचे ते पथ्याचेच, असे दोघे धरून चालले होते. तुमच्याकडे एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात, तशातली गत. 'अगदी खऱ्यासारखी' ही शाबासकी ऐकून मीही खुळ्यासारखे खूश होते.

उपवास संपता संपता बाबांचे पाय सुजले, धाप लागली. त्यांना इस्पितळात ठेवून विदोसावा परतली आणि माझ्याजवळच बसून शेजारणीला सांगू लागली.

"डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय खाऊ घातलंस? मी ताठ मानेनं म्हटलं, उपवासाचंच हो, मांसाचा कण नाही. तर म्हणाल्या, उपवास देवाला कळतो बाई, हृदयाला मीठ कळतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं गं मला."

ते मीठ माझ्याच पोटातून गेले होते. मलाही तोंड लपवावेसे वाटले, पण मला आवळून बसवलेले.

ईस्टरला बाबा घरी आले. विदोसावाने बिनचरबीचे मांस निवडून माझ्यातून काढले आणि फक्त कांदा-मिरी घालून एक लहानशी पॅटी भाजली. ताट ठेवताना तिने वर पाहिले नाही. बाबांनी घास घेतला.

"विदा, हिला चव नाही."

"माहीत आहे, बाबा."

"अशी भिकार पॅटी या गावात कुणी खाल्ली नसेल." त्यांनी ताट पुसून खाल्ले. "उद्याही अशीच कर."

ती तोंड फिरवून रडली.

मित्रांनो, मला धुऊन कोरडे ठेवा, नाहीतर मी गंजते. आणि पॅटी मांसाची असो की सोयाबीनची, आत काय जाते ते पाहत जा. घालाल ते मी बारीक करते. माझ्या तोंडाला नाही म्हणता येत नाही. तुमच्या तोंडाला येते.