नखातलं तिखट

टक्.

शर्विल नुकताच झोपला होता, घर चिडीचूप होतं, त्यामुळे एवढासा आवाजही मोठा वाटला. आत डोकावले, तर माझ्या सासूबाई खिडकीपाशी वर्तमानपत्र पसरून नखं कापत होत्या.

मी दारातच थांबले. लग्न होऊन या घरात आल्यापासून आईंच्या हातात नेलकटर कधी पाहिलाच नव्हता. कापायला नख उरायचं कुठे? लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत त्यांनी जन्मभर मिरच्यांचे देठ खुडले. देठ खुडायचा म्हणजे सगळा जोर अंगठ्याच्या नखावर. बेडगी काय, संकेश्वरी काय, आग तीच. उन्हाळ्यात वर्षाच्या मसाल्याचा मोसम आला की पोत्यामागून पोतं. नखं पिवळी पडलेली, थराथरांनी सुटलेली, कडेने आत झिजत गेलेली. मी एकदा रबरी मोजे आणून दिले होते. मोज्यातून देठ बोटाला कळत नाही म्हणून ते दुसऱ्याच दिवशी भांड्यांच्या साबणाशेजारी येऊन पडले.

बाळंतपणानंतर शर्विलला घेऊन मी घरी आले त्या संध्याकाळी आईंनी हात चिंचेच्या कोळाने धुतले, मग ताकाने, मग खोबरेल चोळून पुन्हा साबणाने. तरी त्याच्या गालाला बोट लागलं आणि लाल चट्टा उठला. तो असा कळवळला की आईंनी हात पदराखाली घेतला. पाहुणे येऊन गेले, जेवणं झाली, तरी तो हात पदराखालीच.

दुसऱ्या दिवसापासून त्या दुकानावर गेल्याच नाहीत. माझ्या नवऱ्याला, विनीतला म्हणाल्या, "याला मला माझ्या हातांनी न्हाऊ घालायचंय. एकदा तरी."

परळच्या दवाखान्यात त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी नखं उलटसुलट करून पाहिली. नखाखाली चिरा आहेत, त्यात तिखट बसतं, वर बुरशीही झालीय. औषध लावा, हात कोरडे ठेवा, पोटात नीट अन्न जाऊ द्या. जुनं नख सरकून नवं पूर्ण यायला सहा-सात महिने तरी जातील. आई 'बरं' म्हणाल्या, जशी काही पुढची बस घ्यायला सांगितलीय.

माझी नणंद आकांक्षा दादरला पार्लरमध्ये असते. तिला हसूच आलं. "आई, अगं तासाभरात चिकटवून देते. चमकीवाली हवी तर चमकीवाली."

"मेल्या नखांनी जित्या पोराला हात लावू?" आई म्हणाल्या. "माझीच येऊ देत."

शेजारच्या ललिताकाकूंनी गॅलरीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "नातू झाला तर सुभद्रेला नखं फुटली." आईंनी ऐकलं. खाली मान घालून तांदूळ निवडत राहिल्या. आमची थोरली ओवी झाली तेव्हा सासरे अंथरुणाला खिळलेले होते. घर आईंच्या त्या दोन अंगठ्यांवर चाललं होतं. तिला लांबूनच बघून, "माझे हात तिखट गो," म्हणत त्या कामावर निघून जायच्या.

मग आमच्या घरात एक नख वाढू लागलं. भांडी मी घासायची, कपडे विनीतने पिळायचे. नाचणीची आंबील, तिळाची चटणी, अंडं. आई नाक मुरडत सगळं खायच्या. विनीत त्यांचा अंगठा उजेडाकडे धरून बघायचा. मुळाशी गुलाबी, गुळगुळीत कड दिसली तेव्हा त्याने ती सगळ्या चाळीला दाखवली. रोज सकाळी आई आपल्याच डोळ्याच्या कोपऱ्याला बोट लावून बघायच्या. पाणी आलं की म्हणायच्या, "अजून आहे."

तोवर मालिशवाली राधाबाई यायची. ती शर्विलला पायांवर घेऊन न्हाऊ घालायची आणि आई मोरीच्या दारात बसून सांगायच्या, मान सांभाळ, कानात पाणी जाईल. शेवटी राधाबाई वैतागून म्हणाली, "मावशी, तुमी नखं वाढवा. पोरगं माज्यावर सोडा."

नख सरकत होतं, तसं मूलही सरकत होतं. त्याने मान धरली, कुशीवर वळला, पालथा पडला, बसायला लागला. आईंनाही ते दिसत असणारच.

आज सकाळी त्यांचा डोळा कोरडा राहिला. राधाबाईला येऊ नको म्हणून निरोप गेला. आणि आता दुपारी, पांढऱ्या कडेची, मुळाशी चंद्रकोर असलेली ती नखं त्या पार बोटाबरोबर कापत होत्या.

"आई, इतकी छान आलीत. दोन दिवस तरी मिरवा ना."

"पोराला लागतील गो."

शर्विल उठला. आईंनी पाटावर बसून पाय लांब केले, वाटीतलं कोमट तेल तळव्यावर घेतलं आणि त्याला आडवा घेतला. तो राहीना. त्याचे पाय त्यांच्या पोटाला टेकत होते, तेलाने निसटत तो उठून बसत होता, तांब्याकडे झेपावत होता. "निज रे राजा, थोडा वेळ निज," त्या म्हणत राहिल्या. त्याला उभं राहायचं होतं. शेवटी त्यांनी त्याला टबात बसवलं आणि मोठ्या मुलाला घालतात तशी आंघोळ घातली. उघड्या बोटांनी त्याचे डोळे पुसले, पापण्या, गाल. तो रडला नाही, खिदळला.

"झालं पण?" आई म्हणाल्या. कुणालाच नाही.

मी त्याला पंचात गुंडाळून घेतलं. ओवी शाळेतून आली होती, गणवेशातच मोरीच्या उंबऱ्याशी उभी. ती आईंजवळ ओल्यातच बसली. त्यांचा हात ओढून मांडीवर घेतला, एकेका नखावरून बोट फिरवलं. मग तो हात उचलून आपल्या गालाला लावून पाहिला.

"आजी," ती म्हणाली, "मी बाळ होते तेव्हा का नाही गं वाढवलीस?"